ताई, मग आमचं काय चुकलं?

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून): पत्रलेखिका नागपूरच्या, वय ४२, खासगी नोकरी. मिस्टर सरकारी नोकरीत. बेसा भागात घेतलेल्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला. पुढच्या महिन्यात तिथे उपकारस्तुतीची (देवाचे आभार मानण्याची) सभा आहे आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी दोघांना साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलं आहे. मिस्टर ठरवून बसले आहेत : 'दशांश एक महिना चुकवला नाही, म्हणून देवानं घर दिलं.' (दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं.) धाकट्या दिरांचं दुकान बंद पडलं आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिला दवाखान्यात ठेवावं लागतं. दशांश तेही देत आले. एका घरगुती प्रार्थनासभेत कुणीतरी त्यांना म्हणालं, 'घरात लपलेलं पाप असेल, कबूल करा.' तेव्हापासून जाऊबाई चर्चला येत नाहीत. पत्रलेखिका ताबा मिळाल्याचे पेढे घेऊन गेल्या, तेव्हा जाऊबाई कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, 'देवानं तुमचं ऐकलं. चांगलं झालं. ताई, मग आमचं काय चुकलं?' पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : 'सासरे अंथरुणाला खिळले होते ती चार वर्षं दीर-जाऊंनीच काढली, आम्हाला नोकऱ्यांमुळे जमलं नाही.' पत्रलेखिकेचे प्रश्न : देव आशीर्वाद कशासाठी देतो? साक्ष द्यावी का? पुतणीला मदत करायची इच्छा आहे, पण हप्ते जाऊन काही उरत नाही आणि मिस्टर म्हणतात, दशांशाचा पैसा घरच्यांना देता येत नाही. आणि नव्या घराचा आनंद मानणंच चूक आहे का?

ताई,

जाऊबाईंना तुम्ही काय उत्तर दिलंत, ते पत्रात कुठेच नाही. बहुधा काहीच दिलं नसेल. बरं केलंत. त्या वेळी तोंडात येणारी सगळी उत्तरं वाईटच असतात. 'देव परीक्षा बघतो', 'त्याची वेळ यायची आहे', 'विश्वासात कमी पडू नको'... ही वाक्यं आपण मंडळीत उपासनेनंतरच्या चहासारखी वाटतो. समोरचाही ती तशीच घेतो, नको म्हणता येत नाही म्हणून.

तुमचा मोठा प्रश्न नंतर घेते. आधी त्या 'लपलेल्या पापा'चं बघू, कारण ते वाचून माझं डोकं फिरलं.

सिकलसेल आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, नुसतं वाहक निघण्याची चारात दोन, आणि दोन्हींतून सुटण्याची चारात एक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला पत्ताही नसतो. आपल्या विदर्भात असे वाहक कितीतरी आहेत. आता जरा पुढे चला. तुमचे दीर वाहक असतील, तर त्यांना ते आईकडून किंवा वडिलांकडून आलं. तेच आईवडील तुमच्या मिस्टरांचे. म्हणजे मिस्टरही वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी. ते असले आणि तुम्ही नसलात, तर तुमची लेकरं त्या आजारातून वाचली ती एवढ्याच कारणानं. त्यात दशांश कुठे आला? त्या सभेत बोललेल्या माणसानं एका आईला तिच्या लेकराच्या रक्ताबद्दल गुन्हेगार ठरवलं. कबुली कुणी द्यायची असेल तर ती त्यानं द्यावी.

हा प्रश्न नवा नाही. बायबलमध्ये योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस बघून शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे. त्यावर आपण प्रवचनं केली असती. तो मात्र जमिनीवर थुंकला, चिखल कालवला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. तुमच्या जाऊबाईंच्या कणकेच्या हातांबद्दल वाचताना मला तो चिखलाचा हात आठवत होता. लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट आहे. ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होते असं वाटतं का तुम्हाला, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो.

लांब कशाला जायचं? ज्यांच्या नावाच्या कॉलेजात नागपूरच्या कितीतरी पिढ्या शिकल्या, ते स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये इथे आले, शाळा काढली, इथल्या भाषा शिकले, इथल्या दगडधोंड्यांचाही अभ्यास केला. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात वाहून गेले. वय ४५. त्यांचं काय चुकलं होतं, असं आज कुणी विचारत नाही. बुडालेला मिशनरी आपल्याला हुतात्म्यासारखा वाटतो आणि दुकान बुडालेला दीर संशयित, हे कोणतं गणित?

आता मिस्टरांच्या साक्षीकडे. त्यांची श्रद्धा मी खोटी म्हणत नाही. पगार हातात पडताच दहावा हिस्सा बाजूला काढायला शिस्त लागते आणि घराचे हप्ते सुरू असताना तर काळीजही लागतं. पण त्यांच्या वाक्यात 'म्हणून' हा शब्द आहे ना, त्यानं घात केलाय. 'दशांश दिला आणि घर मिळालं' यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 'म्हणून' आला की दशांशाची पॉलिसी होते, देव एजंट होतो, आणि ज्याची पॉलिसी पिकली नाही त्यानं हप्ता चुकवला असणार, असा हिशेब आपोआप निघतो. मिस्टरांनी भावाला दोष दिलेला नाही. त्यांच्या वाक्यानं दिला, आणि जाऊबाईंनी तो अचूक ऐकला.

या 'म्हणून'साठी लोक मलाखीचं वचन काढतात, तिसऱ्या अध्यायातलं दहावं, आकाशाच्या खिडक्या उघडण्याचं. आमच्या संडे स्कूलमध्ये ते पाठ असे. पाचवं वचन मात्र कुणी पाठ करून घेतलं नाही. त्यात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि पोरक्यांना छळणाऱ्यांवर देव साक्षीदार म्हणून उभा राहतो. दोन्ही वचनं एकाच श्वासातली. दशांश जायचा कुठे? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाचा शेवट वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा. लेव्यांनी (देवाच्या सेवेला वाहिलेल्या कुळातल्यांनी), परक्यांनी, पोरक्यांनी आणि विधवांनी येऊन पोटभर जेवावं म्हणून. तिथेही देव तुझ्या कामाला आशीर्वाद देईल असं म्हटलंय, नाकारत नाही मी. पण ते सगळे जेवून तृप्त झाल्यावर.

आशीर्वाद कशासाठी, हे तुम्ही विचारलंत. अब्राहामापासून बघू. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव त्याला म्हणतो, मी तुला आशीर्वाद देईन, आणि पाठोपाठ सांगतो की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील. देणं आणि पुढे जाणं एकाच दमात सांगितलंय, मध्ये साठवायला जागाच ठेवलेली नाही. आणि त्याच अध्यायात, पुढची दहा वचनंही पुरी होत नाहीत तोच, देशात दुष्काळ पडतो आणि हा आशीर्वादित माणूस पोटासाठी मिसरात जातो. तिथे जाऊन घाबरतो आणि बायकोला बहीण म्हणून सांगतो. आशीर्वाद मिळालेला माणूस असा दिसतो : भुकेला, वाटेत, आणि वागण्यातही फारसा धड नाही. समोर फ्लॅट आणि मागे बंद पडलेलं दुकान ठेवून देव कुणावर प्रसन्न आहे ते ओळखायचं म्हटलं, तर आपण अब्राहामालाही नापास करू.

आणखी एक साधी गोष्ट. पाळकसाहेब हात वर करून आशीर्वचन देतात ते उपासनेच्या शेवटी, लोक दाराकडे वळायच्या बेतात असताना. सुरुवातीला, बाकावर नीट बसवून देत नाहीत. लहानपणी मला वाटायचं ती घरी जायची परवानगी आहे. अजूनही काहीसं तसंच वाटतं.

तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मात्र शेवटच्या ओळीत आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. सासरे अंथरुणाला खिळले होते. चार वर्षं. त्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं, रात्री चादर बदलणं, वेळच्या वेळी औषध, हे धाकट्या घरात झालं आणि तुम्हा दोघांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या. सुट्ट्या शिल्लक राहिल्या, बढती हुकली नाही, फ्लॅटचं पहिलं पेमेंट जमलं. दुकानाला उतरती कळा नेमकी कधी लागली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच चार वर्षांत लागली नसेल ना? मला माहीत नाही. तुम्ही मात्र हिशेब करून बघा.

'देवानं दिलं' हे म्हणणं खरंच आहे. पण देव देतो तेव्हा कुणाच्या तरी हातून देतो, आणि तुमच्या घराच्या बाबतीत त्यातले दोन हात तुमच्या जाऊबाईंचे होते. म्हणून त्यांचा प्रश्न तुम्हाला एवढा टोचला, असं मला वाटतं. त्यांना आशीर्वाद मिळाला नाही, ही तुमची समजूत जरा उलटी करून बघा. त्यांच्यामार्फत तो तुमच्याकडे आला आणि तुमच्यापाशी येऊन अडला आहे.

म्हणून 'मदत' हा शब्दच मनातून काढा. देणं आहे म्हणा. देणं फेडताना माणूस उपकाराच्या थाटात उभा राहत नाही.

कसं द्यायचं याबद्दल माझ्या आईची गोष्ट सांगते. आमच्याकडे चर्चमध्ये हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या, रविवारी वेदीपुढे टेबलं मांडायचे. कोहळी, मेथीच्या जुड्या, संत्र्यांची टोपली, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासनेनंतर पटांगणात लिलाव. रेल्वेतले एक काका चढ्या आवाजात बोली लावायचे आणि बहुतेक वस्तू घ्यायचे. त्या वर्षी वडिलांची नोकरी सुटली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी मोठं कोहळं पन्नास रुपयांना घेतलं, ते दोन्ही हातांत धरून सगळ्या पटांगणातून चालत आले आणि आईपुढे ठेवलं. 'घ्या बाई, देवानं तुमच्यासाठी पाठवलंय.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं घरी येऊन त्याची बोंडं तळली. आम्ही चौघा भावंडांनी पोट फुटेस्तोवर खाल्ली. तिनं एकही तोंडात टाकलं नाही. तळता तळता म्हणाली, 'काहून, देवाले आपल्या घराचा पत्ता मालूम नव्हता का?' पुढचे दोन रविवार ती चर्चला गेली नाही.

मग एका दुपारी त्या काकांची बायको आली. हातात किसणी आणि गुळाची मोठी ढेप. म्हणाली, 'माझी बोंडं तेलात फुटतात, तुमची फुटत नाहीत म्हणे. दाखवा.' दोघी दोन तास चुलीपाशी बसल्या. जाताना ती किसणी घेऊन गेली, ढेप राहिली. आईनं हाक मारून परत दिली नाही. मोठेपणी मी तिला विचारलं, तुला कळलं नव्हतं का? ती म्हणाली, कळलं की. पण ती शिकायला आली होती ना.

तुमची साक्ष. द्या, टाळू नका. नाहीतर मिस्टरांचा 'म्हणून' एकटाच उभा राहील. पण आधी घरी मिस्टरांशी बोला. सभेत नवऱ्याला खोडून काढायचं काम साक्षीकडून करून घेऊ नये. त्यांना एवढंच विचारा : बाबांची चार वर्षं आपल्या वाट्याला आली असती, तर घर झालं असतं का? उत्तराची घाई करू नका. भाऊ आहेत ते, कळेल त्यांना.

साक्षीत काय बोलायचं? घर मिळालं, आनंद आहे, कर्ज अजून बरीच वर्षं आहे, आणि बाबांना ज्यांनी सांभाळलं त्यांच्यामुळे आम्ही इथवर आलो. बस. मुलीच्या आजाराचा उल्लेखही नको, 'प्रार्थनेत आठवण ठेवा' या नावाखालीसुद्धा नको. लेकराचं दुखणं हे तिच्या आईचं आहे, आपल्या साक्षीला फोडणी द्यायला नाही. आणि दीर-जाऊंचं नाव घेण्याआधी त्यांना विचारा. नको म्हणाले तर नाव न घेता बोला. आभार मानतानाही पटांगणातून कोहळं मिरवत नेता येतं.

दशांशाबद्दल माझं मत पाळकसाहेबांना पटेलच असं नाही. तुम्ही त्यांच्याशी जरूर बोला, पण मार्काचा सातवा अध्याय वाचून जा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण झालं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथे चांगलंच सुनावलंय. पुतणी आईबापांत मोडत नाही, ठीक. पण त्या बापाची चार वर्षं ज्यांनी केली, त्यांच्या लेकीला दशांशातला काही हिस्सा गेला तर देवाचं खातं बुडेल असं मला वाटत नाही. मंडळीचंही भागलं पाहिजे, तिथेही दिवे-पंख्याचं बिल येतं. म्हणून सगळा नको, एक भाग, आणि दर महिन्याला ठरलेला. एकदाच मोठी रक्कम दिली की घेणारा कायमचा मिंधा होतो.

पैशापलीकडचंही आहे. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं, ऊन लागलं, एकदम गारठा बसला की दुखण्याचा झटका येऊ शकतो. आपला मे महिना तुम्हाला सांगायला नको. दवाखान्याच्या दिवशी ऑटोत उन्हातून फिरण्याऐवजी कुणी गाडीनं नेलं, लेकराला दुपारभर गार खोलीत झोपता आलं, शाळा बुडाली त्या दिवसाच्या वह्या कुणी उतरवून दिल्या, तर त्याला पैसे लागत नाहीत. नव्या घरात एक खोली तिची म्हणून मोकळी ठेवता येईल का? घर छोटं असेल तर एक पलंग. कागदपत्रांचंही बघा : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्र मिळतं की नाही ते आजाराच्या तीव्रतेवर ठरतं, पण चौकशी आणि खेटे घालायला वेळ लागतो. तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत, कोणत्या टेबलाशी कोणता कागद लागतो ते त्यांना बरोबर कळतं. हे काम त्यांच्यावर सोपवा. भावाला उपदेश करण्यापेक्षा रांगेत उभं राहणं त्यांनाही सोपं जाईल.

आनंद मानायचा की नाही? माना हो. पडदे लावा, बाल्कनीत तुळस नाही तर मोगरा लावा, चार लोकांना जेवायला बोलवा. तुम्ही चेहरा पाडून बसलात म्हणून जाऊबाईंच्या लेकीचा एक झटकाही टळणार नाही. उलट तुमची अपराधी भावना सांभाळायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडेल, आणि त्यांच्याकडे कामं काही कमी नाहीत.

'मग आमचं काय चुकलं?' याचं उत्तर 'काही नाही' एवढंच आहे. हे दोन शब्द कुणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवेत, आणि ते तुम्ही सांगावेत. देवानं असं का केलं हे मला माहीत नाही, हेही सांगा. आसाफानं त्र्याहत्तराव्या स्तोत्रात देवाच्या तोंडावर तक्रार केलीय की दुष्टांचं बरं चाललंय आणि मी रोज मार खातोय. ते स्तोत्र कुणी पवित्र शास्त्रातून वगळलं नाही. जाऊबाई चर्चला येत नाहीत म्हणून त्या देवाशी बोलत नसतील, असं समजू नका. इतक्यात परत यायचा आग्रहही नको. त्या सभेत जे बोललं गेलं, त्याबद्दल पाळकसाहेबांनी त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी, एवढं मात्र तुम्ही पाळकसाहेबांना सांगू शकता. दुसऱ्या कुणाच्या घरी असं बोललं जाऊ नये, म्हणूनही सांगाच.

या आठवड्यात जाल तेव्हा पेढे नेऊ नका. संध्याकाळी जा, त्या स्वयंपाकाला लागतात तेव्हा. त्या कणीक मळत असतील तर तुम्ही पोळ्या लाटायला घ्या. बोलणं निघालं तर निघालं.

आणि तुमच्या दोघांची आणि मुलांची सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते. मुलांची लग्नं ठरायच्या आधी हा कागद घरात असलेला बरा.